घर बांधण्यापूर्वीचे वाचन

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणूस बहुधा दुसऱ्याची फजिती झाल्यावर वापरतो. तिच्यातल्या ‘पाहावे’ या क्रियापदाकडे मात्र क्वचितच कुणाचे लक्ष जाते. ‘बांधून पाहणे’, ‘करून पाहणे’, ‘चाखून पाहणे’ या प्रयोगांत ‘पाहणे’चा डोळ्यांशी फारसा संबंध उरलेला नाही, परिणामाची हमी नसताना केलेली खटपट असा अर्थ त्यातून निघतो. म्हणीने घर आणि लग्न शेजारी बसवले ते बहुधा याच कारणाने. दोन्ही गोष्टी सामान्यतः आयुष्यात एकदाच होतात, दोन्हींत साठवलेला पैसा एकदम बाहेर पडतो, आणि दोन्हींचा अनुभव गाठीशी येतो तेव्हा तो वापरण्याची वेळ टळून गेलेली असते. ‘घर पाहावे घेऊन’ असे मात्र म्हण म्हणत नाही. आज शहरात आपण घर ‘घेतो’, जसे दूध घेतो किंवा रजा घेतो. बांधणारा कुणी दुसराच असतो, आणि आपल्या वाट्याला येते ती किल्ली आणि हप्ता.

तरीही बांधण्याची हौस मेलेली नाही. आमच्या ओळखीतली, म्हणजे भाषा आणि साहित्य शिकवून पोट भरणाऱ्यांच्या वर्तुळातली, बरीच मंडळी निवृत्तीच्या आगेमागे तालुक्याच्या गावी एखादा एन.ए. प्लॉट घेऊन स्वतःचे घर बांधायला निघतात. बिल्डर नको, ठेकेदाराकडे सगळे सोपवणे नको, आपण स्वतः उभे राहून बांधून घेऊ, असा त्यांचा निश्चय असतो. या निश्चयाबद्दल आम्हांला आदर आहे. परंतु त्यासाठीची तयारी म्हणजे पैशाची जमवाजमव, एका ओळखीच्या मिस्त्रीचा मोबाइल क्रमांक आणि वास्तुशास्त्राचे एखादे पुस्तक, अशी जी समजूत दिसते तिच्याशी आमचे मुळीच जमत नाही. आमच्या मते ही तयारी मुख्यतः वाचनाची आहे. तिला किमान एक वर्ष लागते. आणि ज्यांना जन्मभर वाचन शिकवण्याचा पगार मिळाला तेच हे वाचन टाळतात, ही गोष्ट आमच्या व्यवसायाविषयी काही फारसे चांगले सांगत नाही.

आता हे वाचन कशाचे? पहिले जमिनीचे.

‘गावगाडा’ (१९१५) वाचलेल्यांना ‘काळी’ आणि ‘पांढरी’ ही जोडी परिचित असेल. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वसण्याची. आपण विद्यार्थ्यांना हा भेद गावाच्या समाजरचनेचा भाग म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. पण तो मातीचाही भेद आहे. दख्खनच्या काळ्या मातीतील चिकण पाणी प्याले की फुगते आणि वाळले की आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये त्याच भेगा जणू कधी नव्हत्याच अशा बुजून जातात. कपाशीला हे मानवते, भिंतीला मानवत नाही. दरवर्षी थोडी वर उचलली जाणारी आणि थोडी खाली बसणारी जमीन भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर पाडते, आणि मग रंगारी बोलावून ती चीर दर दिवाळीला बुजवण्याचा कार्यक्रम घरात सुरू होतो. पांढरी माती अशी फुगत नाही. मराठवाड्यात माळवदावर तीच पसरत. त्यासाठी जुन्या गढ्या खणून तिची माती गाड्यांनी नेली गेली. जुन्या लोकांनी मातीची प्रयोगशाळा पाहिली नव्हती. कुठली माती पायाखाली घ्यावी आणि कुठली डोक्यावर, हे त्यांना शब्दातच मिळाले होते.

आजचे बरेचसे प्लॉट उसाच्या किंवा कपाशीच्या शेतात पडलेले असतात, म्हणजे काळीत. त्यामुळे पहिली गोष्ट अशी की जमीन दोनदा पाहावी, एकदा मेमध्ये आणि एकदा भर पावसाळ्यात. पाणी कुठून येते, कुठे साठते, शेजारच्या शेताचा उतार कुणीकडे आहे, हे कुठल्याही नकाशात नसते. दुसरी गोष्ट अशी की बांधायचे ठरण्यापूर्वी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत माणूस उतरेल असे खड्डे खणून मुरूम किती खोल आहे ते पाहावे. तो पाच फुटांवर लागला तर एक हिशेब, बारा फुटांवर लागला तर निराळा. काळी फार खोल असेल तर तळाशी फुगारा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायचे की आणखी काही करायचे, हे इंजिनिअरला विचारावे लागते. तिसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल. पाया खणताना निघालेली काळी माती फुकट असते, आणि जोत्याच्या पोटात भरायला काहीतरी लागतेच. म्हणून मालकाचे लक्ष नसले की तीच तिथे ढकलली जाते. चार पावसाळ्यांनी हॉलमधली फरशी मधोमध उचलली जाते आणि दोष फरशीवाल्याला दिला जातो. जोत्यात मुरूम भरावा, थराथराने पाणी मारून धुमसून भरावा, एवढे एक वाक्य ज्याला आधी ठाऊक असते त्याच्या बाबतीत हे घडत नाही. माती तपासण्याला जितका खर्च येतो त्याहून अधिक दक्षिणा अग्नेय दिशेचे स्वयंपाकघर ठरवणाऱ्या सल्लागाराला मिळते. असो, त्या विषयावर पुन्हा केव्हातरी.

दुसरे वाचन सातबाराचे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा या दोन नमुन्यांचा मिळून हा उतारा होतो. पहिल्यात हक्क, दुसऱ्यात पिके. मराठीत याच्याइतका घट्ट विणलेला गद्य मजकूर क्वचितच सापडेल. विकत घेणारा मनुष्य त्यात फक्त विकणाऱ्याचे नाव शोधतो आणि ते दिसले की निश्चिंत होतो. खरा मजकूर ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, कुणाच्या वहिवाटीची वाट, एखाद्या बहिणीचा राहून गेलेला हिस्सा, सारे तिथे. शेजारी फेरफारांचे क्रमांक असतात, आणि ते म्हणजे तळटीपाच. एकेका क्रमांकाचा फेरफार काढून वाचला की तीन पिढ्यांची भांडणे, वाटण्या आणि मयतांच्या नोंदी क्रमाने उलगडतात. हस्तलिखितांच्या पाठभेदांवर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या मित्रांनी स्वतःच्या प्लॉटचे फेरफार वाचलेले नसतात, याचे आम्हांला दरवेळी नवल वाटते. एक गोष्ट शिवाय ध्यानात घ्यायला हवी. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. ती खोटी ठरेपर्यंत खरी मानायची असा तिचा दर्जा, पण मालकी तिच्यातून जन्माला येत नाही. ती खरेदीखतांच्या साखळीतून येते, आणि म्हणून तीस वर्षांचा शोध वकिलाकरवी घेण्याची पद्धत पडली आहे. त्यानंतर भूमी अभिलेख खात्याकडून हद्द कायम मोजणी. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट. कागदावर पाच गुंठे आणि जागेवर पावणेपाच, हे अंतर कुंपणाचे खांब रोवल्यावर कळून उपयोग नसतो.

येथपर्यंतचे वाचन चुकले तर पैसा जातो. परंतु वाचनाचा एक भाग असा आहे की तो चुकल्यास माणसे जातात, आणि आपल्या महाराष्ट्रातच ते घडून गेले आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंतचतुर्दशी होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. किल्लारी तोपर्यंत भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. धक्का जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होता. माणसे मेली ती घरांखाली. दोन-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, वरून पाहता अभेद्य. पण त्या भिंती दोन पदरी होत्या. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मधल्या पोटात दगडगोटे आणि माती. दोन्ही पदरांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नव्हता. डोक्यावर लाकडी तुळयांचे माळवद, आणि दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून त्यावर आणखी एक थर मातीचा. वर्षानुवर्षे असे थर चढत गेले आणि छपराचे ओझे वाढत गेले. उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार असलेले घर हलल्यावर पदर सुटले आणि माळवद खाली आले.

भूकंपानंतर शासनाने दोन वाटा काढल्या. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली. तिथे घरे बांधून देण्यात आली: कुटुंबाच्या जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, सरळ आखलेल्या रुंद रस्त्यांच्या कडेने. दुसरी वाट कमी हानी झालेल्या, संख्येने कितीतरी मोठ्या गावांसाठी होती. तिथे लोकांनी आपापली घरे स्वतः दुरुस्त आणि बळकट करायची. शासन पैसा आणि साहित्य टप्प्याटप्प्याने देईल, इंजिनिअर तपासणी करील, आणि गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ म्हणून तांत्रिक गोष्टी घरोघर समजावून सांगतील. लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती या वाटेने झाली.

हलवलेल्या गावांविषयी बरेच लिहिले गेले आहे. घरे पक्की होती यात वाद नाही, आणि ज्यांनी ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली त्यांनी सिमेंटच्या छपराखाली सुटकेचा श्वास टाकला असेल तर त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि त्या घरांना चुलीची जागा ठरवताना चूल पेटवणारीला विचारलेले नव्हते. कडबा, गुरे, अवजारे यांचे काय करायचे हे नकाशात नव्हते. लोकांनी मग आपल्या हातांनी पत्र्याच्या पडव्या, गोठे, आडोसे जोडून घेतले. दुसऱ्या वाटेवर घडले ते आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या बाईने जन्मभर ती भिंत सारवली होती तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितले की भिंतीला पोट आहे, त्या पोटातून आरपार दगड घालायचा आहे, माळवदावरची माती उतरवायची आहे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार द्यायचा आहे. हे एकदा कळल्यावर मिस्त्रीने आरपार दगड घातला की नाही हे पाहायला इंजिनिअर लागत नाही. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये घरमालकांच्या हातात टप्प्याटप्प्याने पैसा देऊन त्यांच्याकडूनच घरे बांधवून घेण्याचा मार्ग फार मोठ्या प्रमाणावर अवलंबला गेला.

यावर आमचे काही मित्र एक आक्षेप घेतात आणि तो हलका नाही. ते म्हणतात, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने शरीरशास्त्र शिकावे असे आपण म्हणत नाही. मग घरमालकानेच सळया मोजत का उभे राहावे? तज्ज्ञ नेमावा आणि आपण आपले वाचन-लेखन करावे. तज्ज्ञ नेमावा हे आम्हांलाही मान्य आहे, किंबहुना स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या नकाशाशिवाय एक फूटही खणू नये असेच आम्ही म्हणू. पण शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद स्वतः हजर असतो. घराच्या बाबतीत इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो, आर्किटेक्ट महिन्यातून, आणि रोज सकाळी आठ वाजता तिथे असतात गवंडी, बिगारी आणि मालक. कॉलममध्ये कड्या किती अंतरावर बांधल्या हे काँक्रीट ओतल्यावर कुणालाच दिसत नाही. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी पाहणारा डोळा मालकाचाच असू शकतो, आणि काय पाहायचे हे आधी वाचलेले नसेल तर तो डोळा नुसता उघडा राहतो. साइटवर त्याला सगळे ‘मालक, मालक’ म्हणतात. बहुतेक वेळा तिथे सर्वांत कमी कळणारा माणूस तोच असतो.

तेव्हा तिसरे वाचन शब्दांचे, आणि इथे तरी आमच्या लोकांनी मागे राहू नये. आपण ‘कथेची बांधणी’, ‘कादंबरीचा आराखडा’, ‘विचाराचा पाया’, ‘रचनेतील शैथिल्य’ असे शब्द परीक्षणांतून मुक्तहस्ते उधळतो. बांधणीचा ओळंबा कधी हातात धरलेला नसतो. ओळंबा, गुण्या, थापी, रंधा, घमेले, दर्जा भरणे, सोलिंग, कोबा, गिलावा, छज्जा, आखणी: ही पंचवीस-तीस शब्दांची यादी आहे, आणि ती येत नसेल तर साइटवर मालक दुभाष्याशिवाय परदेशात फिरावा तसा फिरतो. ‘ब्रास’ घ्या. खडी, वाळू, डबर यांचे हे माप म्हणजे १०० घनफूट. हौदा भरलेला ट्रक दारात आला की चालक ‘अडीच ब्रास आहे’ म्हणतो. फीत लावून लांबी, रुंदी, उंची मोजून गुणाकार करायला पाच मिनिटे लागतात, आणि तो गुणाकार करणारा मालक आहे हे एकदा कळले की पुढचे ट्रक नीट भरून येतात. ‘चौरस फूट’ हा शब्द आणखी फसवा. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरतो. तो चौरस फूट कुठला? चटईचा, भिंतींसकट, की छज्ज्यांसकट स्लॅबचा? २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या केली, पण ती सदनिका विकणाऱ्यांसाठी. स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधणाऱ्याला तिचा आधार नाही. त्याचा रेरा म्हणजे ठेकेदाराशी त्याने केलेला लेखी करार. त्यात पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कुंपण, जिन्याचे कठडे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचा उल्लेख नसेल तर ती सारी कामे पुढे एकाच शब्दात येतात: ‘एक्स्ट्रा’. या शब्दाने जेवढे निवृत्तिवेतन गिळले आहे तेवढे एखाद्या दुखण्याने गिळले नसेल.

करार मराठीत लिहावा असा आमचा आग्रह आहे. हा भाषाप्रेमाचा भाग नव्हे. गवंड्याला वाचून दाखवता येईल आणि त्याने ‘हे असं नाही होत, मालक’ असे म्हणून दुरुस्त करता येईल, असाच करार कामाचा. इंग्रजी नमुन्यात नावे भरून केलेला करार दोघांनाही बांधत नाही, कारण तो दोघांनीही वाचलेला नसतो. कुठल्या टप्प्यावर किती रक्कम द्यायची, आणि त्या टप्प्यापूर्वी कोणते काम उघडे ठेवून दाखवायचे, हे त्यात स्वच्छ यावे. बँकेचे कर्जही असेच टप्प्यांनी सुटते. ज्याच्या हातात दोन टप्प्यांचा पैसा आगाऊ नाही त्याने पायाखोदाई सुरू करू नये, कारण बँकेचा माणूस पाहणीला येईपर्यंत गवंडी दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

पैशाच्या वाचनासाठी मात्र आमच्याच अभ्यासक्रमात उत्तम पुस्तके पडून आहेत. थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) दुर्गा भागवतांनी मराठीत आणले. एकांत, निसर्ग, आत्मनिर्भरता यांवर त्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. पण पहिल्याच प्रकरणात थोरोने आपल्या झोपडीचा जमाखर्च मांडला आहे आणि वर्गात आपण ते पान उलटून पुढे जातो. एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, मोडक्या छपरपट्ट्या, तावदानांसकट दोन जुन्या खिडक्या, एक हजार जुन्या विटा, चुन्याची दोन पिंपे, गिलाव्यात मिसळायचे केस, खिळे, बिजागऱ्या, अगदी एक सेंटचा खडूसुद्धा. चुना महाग पडला आणि केस गरजेपेक्षा जास्त घेतले गेले, अशी नोंद तो करतो. सामान बरेचसे पाठीवर वाहिल्यामुळे वाहतूक स्वस्तात झाली हेही सांगतो. आम्हांला ही यादी त्या पुस्तकाच्या मध्यभागी वाटते. घर नेमके कशाचे बनते आणि त्यातला प्रत्येक जिन्नस आयुष्यातले किती दिवस खातो हे मोजल्याखेरीज त्याला पुढचा युक्तिवाद करताच आला नसता.

नायपॉल यांची ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ (१९६१) ही याची दुसरी बाजू. ‘घर हे अस्मितेचे प्रतीक’ या विधानावर दरवर्षी किती उत्तरपत्रिका लिहिल्या जातात कोण जाणे. पण त्या कादंबरीत ग्रीन व्हेलच्या घरावर जुने, भोके पडलेले पत्रे चढतात; भोके डांबराने बुजवलेली असतात आणि उन्हाने ते डांबर वितळून सापांसारखे खाली लोंबू लागते. पैसा अपुरा, मिस्त्री भला पण हातचे राखून काम करणारा, आणि मालकाला घराची घाई. ते घर पुरे होतच नाही. अखेरीस बिस्वास शहरात जे घर विकत घेतो तेही हौशी बांधणाऱ्याने विकण्यासाठी उभारलेले; पाहायला गेल्यावेळी दिसायला हवे होते ते त्याला दिसत नाही, आणि कर्ज मात्र त्याच्या मागे उरते. प्रतीकाचे विवेचन जरूर करावे. पण डांबर का वितळले, याचे उत्तर देता न येणारा विद्यार्थी ती कादंबरी अर्धीच वाचतो, आणि त्याला शिकवणारा मास्तर पुढे स्वतःच्या गच्चीवर तशाच कारागिरीचे वॉटरप्रूफिंग करून घेतो.

एका क्रियापदाने आरंभ केला होता, तेव्हा दुसऱ्या एका क्रियापदाचा हिशेब राहून जाऊ नये. ‘आम्ही घर बांधले’ असे आपण म्हणतो. मराठीत यासाठी अधिक खरे रूप आहे: ‘बांधून घेतले’. बोलण्यातून ते ‘घेतले’ गळते आणि ज्यांच्याकडून घेतले तीही माणसे गळतात. स्वतः उभे राहून बांधणारा मालक हा ठेकेदाराला मध्ये ठेवणाऱ्या मालकापेक्षा या बाबतीत अधिक बांधील असतो, कारण तिथला प्रत्येक बिगारी थेट त्याच्या कामावर असतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती मर्यादा पन्नास लाखांवर नेली. म्हणजे तालुक्याच्या गावी मास्तर जे घर बांधतो त्या घरावर राबणाऱ्या बाईला बहुधा या कायद्याचे छत्र नसते. तिची हजेरी कुठे लिहायची, ती पुरुष बिगाऱ्याइतकीच घमेली वाहते तर तिला तेवढीच मजुरी का नाही, ती परातीवरून पडली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे प्रश्न अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवायचे असतात. आम्ही पाहिलेल्या अंदाजपत्रकांत गृहप्रवेशाच्या जेवणाची ओळ असते. या गोष्टींची नसते.

पाण्याचेही तसेच. आय.एस. ४५६ : २००० या मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस ओल लागते, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून लांब स्लॅबखालचे चौदा दिवस काढायचे नसतात. स्लॅबवर आळी बांधून पाणी भरायचे, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ मारायचे, म्हणजे एप्रिल-मेमध्ये बोअर आटलेली असताना टँकर. तेच पाणी पत्र्याच्या खोपटात मुलाबाळांसह राहणारे कुटुंब पिते, त्याच हौदातून, ज्यात घमेली धुतली जातात. आखणीची दोरी लावण्यापूर्वी प्लॉटवर दोन गोष्टी उभ्या राहायला हव्यात: झाकणाची, तोटी असलेली पिण्याच्या पाण्याची वेगळी टाकी, आणि आतून कडी लागणारा संडास. दोन्हींना मिळून येणारा खर्च हॉलच्या फरशीच्या पाव हिश्शाइतकाही नसतो, आणि काम संपल्यावर टाकी बागेला उपयोगी पडते.